मुलाच्या मनाला मदत हवी आहे असं वाटतंय? पालकांनी सुरुवात कुठून करायची

आमच्या लेकीवर चिंताविकाराचे उपचार सुरू झाले तेव्हा माहिती हवी तेवढी मिळत होती. "आधी हे करा, मग ते करा" असं सांगणारं मात्र कोणी नव्हतं. हा लेख त्या क्रमासाठी आहे. मी डॉक्टर नाही, पालक आहे. निदान आणि औषधं हे तज्ज्ञांचं काम. पण योग्य तज्ज्ञापर्यंत पोहोचणं आणि दोन भेटींच्या मधले दिवस घरात निभावणं हे आपल्याच वाट्याला येतं, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

एक गोष्ट आधीच सांगते. मुलाला तज्ज्ञाच्या हवाली केलं आणि बरं झाल्यावर घरी आणलं, असं इथे होत नाही. आठवड्यातला एखादा तास तिथे जातो, बाकीचे सगळे तास घरात आणि शाळेत जातात. घर हाही उपचाराचाच भाग आहे, म्हणून या लेखातला सगळ्यात लांब भाग घराबद्दलचा आहे.

मूल स्वतःला इजा करेल अशी भीती तुम्हांला आत्ताच वाटत असेल, तर बाकीचं सोडा आणि थेट तिसऱ्या पायरीवर जा.

१. नाव देण्याआधी बदल पाहा

"हे डिप्रेशन आहे का?", "हा चंचलपणा म्हणजे एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार) का?" असे प्रश्न आधी डोक्यात येतात. ते थोडे बाजूला ठेवा. आपलं मूल इतर मुलांपेक्षा वेगळं आहे का, यापेक्षा ते स्वतःच्याच आधीच्या स्वभावापेक्षा बदललंय का, हे जास्त उपयोगाचं असतं. बोलकं मूल गप्प झालं, खेळाचा जीव असलेला मुलगा मैदानाचं नावच काढेनासा झाला, मैत्रिणींचे फोन घ्यायचं बंद झालं, अभ्यासात एकदम घसरण झाली, झोप किंवा भूक बदलली.

दोन ठिकाणी पालक हमखास चकतात. लहान मुलं "मला काळजी वाटते" असं म्हणत नाहीत, त्यांचं पोट दुखतं, डोकं दुखतं, सुटलेली अंथरूण ओलं करण्याची सवय परत येते. आणि किशोरवयात नैराश्य रडण्यापेक्षा चिडचिडीतून जास्त दिसू शकतं. घरात सतत खेकसणारा मुलगा उद्धट झालाय असं आपण धरून चालतो, पण आतून तो खचलेला असू शकतो.

मग काळजी कधी करायची? बदल दोन आठवड्यांहून जास्त टिकला, एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसला आणि त्यामुळे शाळा, झोप, मैत्री यातलं काही अडायला लागलं, तर तज्ज्ञांना विचारायची वेळ झाली आहे. "वय आहे, निघून जाईल" हे खरंही ठरू शकतं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयोगटातल्या दर सात मुलांमागे एकाला कुठला ना कुठला मानसिक आजार असतो, आणि एकूण मानसिक आजारांपैकी जवळपास एक तृतीयांश वयाच्या १४ व्या वर्षापर्यंत आणि निम्मे १८ व्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. वाट बघत बसण्याने हाती काही लागत नाही. विचारून आलं आणि काही नाही निघालं, तर तेही चांगलंच.

२. एक वही करा

या सगळ्या प्रवासात आम्हांला सर्वांत जास्त कामाला आलेली वस्तू म्हणजे साधी वही. दोन आठवडे रोज चार-पाच ओळी लिहा. आपले निष्कर्ष लिहायचे नाहीत, दिसलेलं आणि ऐकलेलं लिहायचं. "आज खूप त्रास दिला" ही नोंद निरुपयोगी आहे. आमच्या वहीतली एक नोंद अशी होती:

"सोमवार. ६:४० ला उठवलं. पोटात दुखतंय म्हणाली. ७:१० ला बाथरूममध्ये गेली, दार लावून बसली. ७:३५ ला आजी म्हणाली, आजच्या दिवस राहू दे. ८ वाजता पोट दुखायचं थांबलं. दुपारी चित्रं काढली. रात्री ९ पासून पुन्हा उद्याच्या शाळेबद्दल तेच तेच विचारत होती."

यातून डॉक्टरांना किती तरी गोष्टी एकदम दिसल्या. दुखणं खरं होतं, सोंग नव्हतं. ते कधी सुरू होतं, कधी थांबतं, आणि थांबण्याआधी नेमकं काय घडतं, तेही कळलं. आजीचं ते एक वाक्य पुढे उपचारात महत्त्वाचं ठरलं, त्याबद्दल सहाव्या पायरीत.

झोपेची आणि उठण्याची वेळ रोज लिहा. चांगला गेलेला दिवसही लिहा, कारण तो का चांगला गेला हे शोधायचं असतं. ही वही तुमच्या निरीक्षणांची आहे. त्यासाठी मुलाची डायरी चोरून वाचू नका, फोन उघडू नका. एकदा विश्वास गेला की पुढची कुठलीच पायरी सोपी राहत नाही. जिवाला धोका असल्याची शंका असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा सुरक्षितता पहिली.

३. धोका आहे का, हे सरळ विचारा

हा भाग टाळावासा वाटतो, पण टाळू नका. मूल "मी नसतो तर बरं झालं असतं" असं बोलतंय, आवडत्या वस्तू वाटून टाकतंय, अंगावर जखमा लपवतंय, निरोप घेतल्यासारखं बोलतंय, तर आडवळणाने न बोलता विचारा: "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात पेरला जातो ही भीती खोटी आहे. उलट अनेक मुलांना कोणीतरी विचारलं याने हायसं वाटतं.

उत्तर "हो" आलं तर:

- मुलाला एकटं सोडू नका. ओरडू नका, शपथा घालू नका, "आमचा तरी विचार कर" असं म्हणू नका. "बरं झालं सांगितलंस, आता आपण मिळून बघू" एवढं पुरे.
- "कुणाला सांगू नकोस" असं वचन मागितलं तर देऊ नका. "गरज असेल त्यालाच सांगेन, आणि आधी तुला सांगेन" हे वचन देता येतं आणि पाळता येतं.
- घरातली सगळी औषधं (आजी-आजोबांचीसुद्धा), कीटकनाशकं, धारदार वस्तू आणि शस्त्र असेल तर ते, कुलुपात किंवा घराबाहेर ठेवा. जीव द्यावासा वाटण्याची लाट बऱ्याचदा थोडा वेळ टिकते. त्या वेळात साधन हाताशी नसणं यानेच जीव वाचतात.
- ठरवलेला बेत, साधन किंवा वेळ मूल सांगत असेल, किंवा काही घेतल्याचा संशय असेल, तर रुग्णालयाचा तातडीचा विभाग, लगेच. "आता ठीक वाटतंय" म्हणून थांबू नका, काही औषधांचा घातक परिणाम उशिरा दिसतो.

तुमच्या भागातला तातडीचा क्रमांक आणि मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आजच फोनमध्ये सेव्ह करा, मुलाच्या फोनमध्येही. गरज नाही असं वाटत असलं तरी.

४. कोणाकडे जायचं

पहिली भेट नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांची किंवा फॅमिली डॉक्टरांची घ्या. रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, घोरण्यामुळे मोडणारी झोप, नजरेचा किंवा कानाचा दोष, यांनीही मूल थकलेलं, चिडकं, लक्ष न देणारं दिसू शकतं. हे तपासून झालं की पुढचा रस्ता मोकळा होतो.

मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात, निदान करतात आणि औषध लिहून देतात. बाल-किशोर मानसोपचारात वेगळं प्रशिक्षण घेतलेले मिळाले तर उत्तम. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतात आणि बोलण्यातून, सरावातून उपचार करतात. समुपदेशक अडचणीच्या काळात आधार देतात, मार्ग सुचवतात. बोलण्याच्या, हालचालीच्या किंवा शिकण्याच्या अडचणी असतील तर स्पीच थेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि विशेष शिक्षकही लागू शकतात. बरेचदा दोघा-तिघांनी मिळून काम करावं लागतं.

फोनवरच विचारून घ्या: तुमचं शिक्षण आणि नोंदणी काय? या वयाच्या मुलांसोबत किती काम केलंय? कोणती पद्धत वापरता? पालकांना किती सामील करून घेता? सुधारणा होतेय की नाही हे कशावरून ठरवता? शेवटच्या प्रश्नाला नीट उत्तर देणारी व्यक्ती मला नेहमीच भरवशाची वाटली आहे.

"इतक्या दिवसांत शंभर टक्के बरं करतो" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. मुलाला एकदाही न भेटता निदान सांगणाऱ्यांपासूनही. आणि इंटरनेटवरची प्रश्नावली भरून आलेल्या आकड्यावर मुलाला शिक्का मारू नका. डॉक्टरही प्रश्नावल्या वापरतात. रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ साली मांडलेली २५ विधानांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. पण ती कुठे खोलात बघायचं हे दाखवते, निदान ठरवत नाही.

५. पहिल्या भेटीची तयारी

सोबत न्यायची कागदपत्रं:

- निरीक्षणांची वही
- आधीच्या तपासण्यांचे रिपोर्ट, चालू औषधांची नावं आणि मात्रा
- जन्माच्या वेळची आणि पहिल्या काही वर्षांतली माहिती: कधी चालायला, बोलायला लागलं, लसीकरणाचं कार्ड
- गेल्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं, शिक्षकांचे शेरे, जमलं तर वर्गशिक्षकांचं पत्र
- जवळच्या नात्यात कोणाला मानसिक आजार, फिट्स, व्यसन किंवा थायरॉइडचा त्रास असल्यास त्याची नोंद
- घरात अलीकडे काय बदललं: घर किंवा शाळा बदलणं, मृत्यू, भांडणं, वेगळं राहणं, धाकट्या भावंडाचा जन्म

नात्यातल्या आजारांची माहिती लपवायची सवय फार खोल आहे. "काकांबद्दल काही बोलू नका हं," असं घरातून बजावलं जातं. बोला. कोणतं औषध निवडायचं यावरसुद्धा त्याचा परिणाम होतो.

एडीएचडीची शंका असेल तर शिक्षकांचं म्हणणं लागतंच. लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून असणं आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसणं हे त्या निदानाचे निकष आहेत. फक्त आईबाबांच्या सांगण्यावर ते ठरत नाही.

मुलाला खोटं सांगून नेऊ नका. "फिरायला जाऊ" म्हणून दवाखान्यात पोहोचलेलं मूल पहिल्या भेटीत तोंड उघडत नाही, आणि ते रास्तच आहे. असं सांगता येतं: "तुला रोज सकाळी जो त्रास होतो ना, त्यात मदत करणाऱ्या डॉक्टर आहेत. त्या सुई टोचत नाहीत, बोलतात. बोलावंसं वाटलं नाही तर नुसतं बसलास तरी चालेल."

तज्ज्ञ मुलाशी एकट्याने बोलतील. बाहेर आल्यावर "काय विचारलं? तू काय सांगितलंस?" असा मारा करू नका. किशोरवयीन मुलांच्या गोष्टी गुप्त ठेवल्या जातात, जिवाला धोका किंवा शोषण असेल तर मात्र पालकांना सांगितलं जातं. ही मर्यादा पहिल्याच भेटीत तिघांसमोर स्पष्ट करून घ्या.

६. घरातलं काम

चिंताविकाराचं चक्र असं चालतं. मुलाला भीती वाटते, ते ती गोष्ट टाळतं, त्या क्षणी सुटका होते, आणि सुटका झाली म्हणून पुढच्या वेळी भीती आणखी वाढते. या टाळण्याला घर नकळत हातभार लावतं. आजीचं "आजच्या दिवस राहू दे" हे प्रेमाचंच वाक्य होतं. मुलाच्या वतीने दुकानात बोलणं, रात्री शेजारी झोपणं, "काही होणार नाही ना?" या प्रश्नाला दहा वेळा "नाही गं" म्हणणं, सगळं मायेपोटीच असतं. पण त्यातून मुलाला एकच कळतं: हे मला एकटीला झेपणार नाही असं घरच्यांनाही वाटतं.

येल विद्यापीठातले एली लेबोविट्झ आणि त्यांचे सहकारी यांनी यावरच 'स्पेस' नावाची उपचारपद्धती उभी केली. तिच्यात तज्ज्ञ फक्त पालकांसोबत काम करतात, मुलाला भेटतही नाहीत. तुलनात्मक चाचणीत तिचा परिणाम मुलांवर थेट केलेल्या कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीच्या (विचार आणि वागणं बदलण्याचा सराव देणाऱ्या उपचाराच्या) तोडीचा निघाला. आपल्या वागण्याने एवढा फरक पडतो, हे कळलं तेव्हा मला मोठाच धीर आला.

प्रत्यक्षात काय करायचं? एकावेळी एकच सवय निवडा. शांत वेळी, भांडण चालू नसताना, मुलाला आधी सांगा. आणि दोन गोष्टी एकत्र बोलायला शिका, समजून घेणं आणि विश्वास: "तुला भीती वाटतेय हे मला दिसतंय. आणि तू ती सहन करू शकशील याची मला खात्री आहे." नुसतं पहिलं वाक्य बोललं तर मूल आणखी घाबरतं, नुसतं दुसरं बोललं तर त्याला एकटं पाडल्यासारखं वाटतं. तेच तेच विचारणं सुरू झालं की एकदा उत्तर द्यायचं, पुढच्या वेळी "याचं उत्तर तुला माहीत आहे" म्हणून जवळ बसून राहायचं.

सुरुवातीला मूल जास्त चिडेल, जास्त रडेल. तिथे माघार घेतली तर मोठ्याने रडलं की जुनं परत मिळतं हेच ते शिकतं. म्हणूनच आई, बाबा, आजी, आजोबा यांचं आधी एकमत हवं. एकाने धरायचं आणि दुसऱ्याने सोडायचं असं झालं तर सुरूच करू नका, आधी मोठ्यांची बैठक घ्या.

हे करण्यापूर्वी एक खात्री मात्र करायलाच हवी. शाळेत कोणी मारतंय, चिडवतंय, अंगाला हात लावतंय असं काही असेल, तर ती भीती आजार नाही. तिथे मुलाला ढकलायचं नाही, धोका दूर करायचा.

नैराश्यात काम थोडं वेगळं असतं. मन लागेल तेव्हा करेल, असं म्हणून थांबलं तर मन लागतच नाही. आधी छोटी कृती, मग बरं वाटणं, असा उलटा क्रम चालतो: दहा मिनिटं बाहेर चालणं, एका मित्राला एक मेसेज, आंघोळ. तुम्ही सोबत करा. "बघ, जमलं की नाही!" अशी शाबासकी नको, "छान वाटलं तुझ्यासोबत" पुरे.

झोपेकडे दुर्लक्ष करू नका. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. किशोरवयात झोप येण्याची वेळच पुढे सरकते, हा आळस नाही, शरीराचं घड्याळ आहे. रात्री फोन झोपायच्या खोलीबाहेर ठेवायचा नियम करा, पण घरातल्या सगळ्यांसाठी. आपण उशाशी फोन घेऊन झोपायचं आणि मुलाचा काढून घ्यायचा, हे टिकत नाही.

भावंडांना विसरू नका. घरात सगळं लक्ष एकाकडे गेलं की दुसरं मूल एक तर अतिशहाणं होतं, नाही तर त्रास द्यायला लागतं. आठवड्यातला थोडा वेळ त्याचा एकट्याचा ठेवा.

आणि तुम्ही स्वतः. स्वतःला नैराश्य किंवा चिंता असेल तर उपचार घ्या, आणि "आधी मुलाचं होऊ दे" म्हणून ते पुढे ढकलू नका. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात आईचं नैराश्य उपचारांनी आटोक्यात आलं तेव्हा तिच्या मुलांचे त्रासही कमी झालेले दिसले.

७. औषध सुचवलं तर

घाबरू नका, पण प्रश्न विचारा: कशासाठी, किती काळ, कोणते दुष्परिणाम, फोन कधी करायचा? १२ ते १७ वर्षांच्या ४३९ मुलांवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मध्यम ते तीव्र नैराश्यावर १२ आठवड्यांनी पुढीलप्रमाणे सुधारणा दिसली: फ्लुओक्सेटिन हे नैराश्यविरोधी औषध आणि थेरपी दोन्ही मिळून ७१ टक्के मुलांत, नुसत्या फ्लुओक्सेटिनने ६१, नुसत्या थेरपीने ४३ आणि औषधासारख्या दिसणाऱ्या निष्क्रिय गोळीने ३५ टक्के मुलांत. गोळी की बोलणं, असा वाद घालण्यात म्हणूनच अर्थ नाही.

नैराश्यविरोधी औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. २००४ सालीच अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला: मुलांमध्ये आणि किशोरांमध्ये, विशेषतः सुरुवातीला किंवा मात्रा बदलताना, आत्महत्येचे विचार वाढू शकतात. म्हणून पहिले काही आठवडे बारीक लक्ष हवं. एकदम अस्वस्थ होणं, झोप उडणं, विचित्र उत्साह येणं, असं काही दिसलं तर पुढच्या भेटीची वाट न पाहता फोन करा. गोळ्या मोठ्यांनी हातात द्यायच्या आणि कुलुपात ठेवायच्या. डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करायच्या नाहीत.

८. शाळा

शाळेला निदान सांगायलाच हवं असं नाही, गरज सांगा. वर्गशिक्षक किंवा समुपदेशक अशी एकच व्यक्ती संपर्कासाठी ठरवा. काय हवं ते लेखी द्या: घाबरल्यावर पाच मिनिटं बाहेर बसण्याची परवानगी, परीक्षेला जास्त वेळ, वर्गासमोर अचानक उभं न करणं. शाळेत जाणं बंदच झालं असेल तर तज्ज्ञांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने परत न्या, आधी फाटकापर्यंत, मग एक तास, मग अर्धा दिवस. किती सांगायचं हे मुलाला विचारून ठरवा.

९. बरं वाटायला लागल्यावर

इथे घाई होते. मूल हसायला लागलं की भेटी चुकतात, गोळ्या विसरतात. नैराश्यात बरं वाटल्यानंतरही औषध साधारणपणे निदान सहा महिने चालू ठेवून मग हळूहळू कमी करतात. ते कधी आणि कसं, हे डॉक्टर ठरवतील. शक्यतो परीक्षेच्या किंवा घर बदलण्याच्या काळात नको, असं तुम्ही सुचवू शकता.

काही महिन्यांनी काहीच फरक नसेल तर दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घ्यायला संकोचू नका. रिपोर्ट आणि वही घेऊन जा, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागणार नाही. मुलाचं त्या व्यक्तीशी जमत नसेल तर तेही पुरेसं कारण आहे.

शेवटच्या भेटीत तज्ज्ञांसोबत बसून एका कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: त्रास परत येतोय याची सुरुवातीची चिन्हं कोणती, मुलाने तेव्हा काय करायचं, आणि घरच्यांनी काय करायचं. आमच्या कागदावर पहिली ओळ होती, "रात्री उद्याचं तेच तेच विचारायला लागणं." ती लेकीने स्वतः सांगितली होती. त्या कागदाच्या प्रती काढा, एक मुलाकडे द्या, एक शाळेतल्या त्या व्यक्तीकडे.